अर्देशीर इराणी

खानबहादूर अर्देशीर इराणी (जन्म : पुणे, ५ डिसेंबर १८८६, मृत्यू : मुंबई, १४ ऑक्टोबर १९६९) हे भारतीय चित्रपटसृष्टीच्या मूक आणि बोलपट अशा दोन्ही कालखंडांतील निर्माते, दिग्दर्शक, वितरक व चित्रपटगृहचालक होते. 'आलम आरा' (१९३१) हा भारतातील पहिला पूर्ण लांबीचा बोलपट त्यांनी निर्माण व दिग्दर्शित केला. त्याचे ध्वनिमुद्रणही मुख्यतः त्यांनीच सांभाळले. पहिला फारसी बोलपट 'दुख्तर-ए-लोर' (१९३३) आणि भारतातच प्रक्रिया झालेला पहिला रंगीत चित्रपट 'किसान कन्या' (१९३७) हेही त्यांच्याच इंपीरियल फिल्म कंपनीचे. असे अनेक 'पहिले' मान त्यांच्या नावावर असल्याने त्यांचे चरित्र बहुधा विक्रमांच्या यादीसारखे सांगितले जाते. त्या यादीत एक गोष्ट झाकली जाते. बोलपट काढताना इराणी यांच्यापुढे उभा राहिलेला खरा प्रश्न आवाज पकडण्याचा नव्हता, नको असलेला आवाज दूर ठेवण्याचा होता. यंत्र विकत मिळत होते. शांतता मात्र कोणत्याच कंपनीच्या सूचिपत्रात नव्हती.

पूर्वायुष्य

इराणी यांचा जन्म पुण्यातील एका झरथुष्ट्री इराणी कुटुंबात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. पुढे ते वडिलांच्या धंद्यात आले. हा धंदा वाद्ये आणि फोनोग्राफ यांच्या विक्रीचा होता. फोनोग्राफमध्ये ध्वनी म्हणजे सुईच्या टोकाची थरथर असते, आणि ज्या मेजावर यंत्र ठेवले आहे ते मेज हलले तर ती हालचालही सुईपर्यंत पोहोचते. ध्वनिमुद्रणाचे कोणतेही विद्यालय नसलेल्या काळात पुढे पहिला बोलपट काढणारा माणूस अशा दुकानातून यावा, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

सोडतीत लागलेल्या चौदा हजार रुपयांच्या बक्षिसामुळे ते चित्रपटधंद्याकडे वळले, असे त्यांच्या चरित्रात नेहमी नमूद केले जाते. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. परदेशी चित्रपटांचे वितरण हा त्यांचा पहिला उद्योग. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीचे ते हिंदुस्थानातील प्रतिनिधी झाले. त्यानंतर अब्दुलअली युसुफअली यांच्या भागीदारीत त्यांनी मुंबईतील अलेक्झांड्रा चित्रपटगृह चालवण्यास घेतले, व पुढे गिरगावात मॅजेस्टिक उभे राहिले. युसुफअली हे मूळचे तंबूवाले. गावोगाव तंबू ठोकून चित्रे दाखवीत त्यांनी हिंदुस्थान आणि आग्नेय आशियाचे देश पालथे घातले होते. ही भागीदारी चाळीस वर्षांहून अधिक टिकली. चित्रपटव्यवसायात भागीदाऱ्या किती अल्पायुषी असतात हे ध्यानात घेतल्यास हा काळ लक्षणीय वाटतो.

मूकपटांचा काळ

प्रदर्शनाच्या धंद्यात स्थिरावल्यावर इराणी निर्मितीकडे वळले. त्यांचा 'नल दमयंती' १९२० मध्ये पडद्यावर आला. दादासाहेब फाळके यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत व्यवस्थापक राहिलेले भोगीलाल दवे यांच्याबरोबर त्यांनी १९२२ मध्ये स्टार फिल्म कंपनी काढली. 'वीर अभिमन्यू' हे तिचे पहिले चित्र. त्यात फातिमा बेगम नायिका होत्या. याच फातिमा बेगम पुढे भारतातील पहिल्या स्त्री चित्रपट-दिग्दर्शक ठरल्या, आणि त्यांची कन्या झुबेदा 'आलम आरा'ची नायिका झाली. स्टारनंतर मॅजेस्टिक फिल्म्स आणि रॉयल आर्ट स्टुडिओ या संस्था झाल्या. त्या फार काळ चालल्या नाहीत.

या साऱ्यानंतर इराणी यांनी स्थापन केलेली इंपीरियल फिल्म कंपनी मात्र टिकली आणि वाढली. तिचा स्टुडिओ मुंबईत केनेडी पुलाजवळ, ग्रँट रोड स्थानकाच्या परिसरात होता. हीच वास्तू पुढे ज्योती स्टुडिओ म्हणून ओळखली गेली. सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स, पृथ्वीराज कपूर, सुरुवातीला गर्दीतील किरकोळ कामे करणारे मेहबूब खान अशी अनेक माणसे इंपीरियलच्या छायेत वाढली.

मूकपटाच्या दृष्टीने ही जागा उत्तम होती. शहराच्या मध्यभागी, नटनट्यांना येण्याजाण्यास सोयीची आणि चित्रपटगृहांना जवळ. शेजारून रेल्वेचा मार्ग जात होता, याचे कोणाला काही वाटण्याचे कारणच नव्हते. मूकपटाच्या चित्रीकरणात दिग्दर्शक मोठमोठ्याने सूचना देत असे, कॅमेऱ्याची घरघर चाले, सुतार बाजूला ठोकाठोक करीत राहत. पडद्यावर यातले काहीच उमटत नसे. हाच निर्धास्तपणा १९३० मध्ये एकाएकी अडचणीत आला.

बोलपटाचा ध्यास

कलकत्त्याच्या मादन कंपनीने १९२९ मध्ये एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये परदेशी बोलपट दाखवला आणि हिंदुस्थानात बोलक्या चित्रांचे पर्व सुरू झाले. मुंबईत एक्सेल्सिअर चित्रपटगृहात इराणी यांनी युनिव्हर्सलचा 'शो बोट' पाहिला. तो अंशतःच बोलपट होता, तथापि हिंदुस्थानी भाषेत असे चित्र काढण्याचा निश्चय त्यांनी तेथेच केला. मादन कंपनीकडे पैसा, चित्रगृहांची साखळी आणि यंत्रसामग्री या तिन्ही बाबतींत इंपीरियलपेक्षा अधिक बळ होते. त्यामुळे ही एक मूक शर्यतच होती, आणि म्हणून 'आलम आरा'चे काम गुप्तपणे चालले.

कथा जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावरून घेतली. नायकाच्या भूमिकेसाठी आरंभी मेहबूब खान यांचा विचार झाला; अखेर निवड झाली ती मास्टर विठ्ठल यांची. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला हा मराठी नट मूकपटातील साहसी भूमिकांसाठी प्रसिद्ध होता. शारदा स्टुडिओशी असलेला करार मोडून ते इंपीरियलमध्ये आले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि मास्टर विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली. खटला जिंकला, पण उर्दू उच्चारांची अडचण राहिलीच. परिणामी बोलपटाच्या पहिल्या नायकाला बराच वेळ अर्धवट बेशुद्ध अवस्थेत ठेवावे लागले.

ध्वनिमुद्रणासाठी टॅनार पद्धतीची यंत्रणा परदेशातून मागवली. तिच्याबरोबर विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकी तंत्रज्ञ आले. त्यांचे मानधन दिवसाला शंभर रुपये होते. हा खर्च परवडणारा नसल्याने इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी सुमारे महिनाभरात डेमिंग यांच्याकडून यंत्राची माहिती करून घेतली व काम स्वतःच्या हाती घेतले.

शांततेचा शोध

टॅनार ही एकपट्टी पद्धत होती. चित्र आणि ध्वनी एकाच कॅमेऱ्यात, एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत. नंतरच्या काळात चित्राची पट्टी वेगळी आणि आवाजाची वेगळी ठेवण्याची, त्यांचे निरनिराळे संपादन करून शेवटी मेळ घालण्याची रीत रूढ झाली. एकपट्टी पद्धतीत ती मुभा नव्हती. शिवाय चित्रपटगृहातील यंत्रात आवाज वाचणारा भाग चित्राच्या झरोक्यापासून अंतरावर असल्याने ध्वनी त्याच्या चित्रापुढे सुमारे वीस चौकटी नोंदवलेला असतो. त्यामुळे फिल्म हव्या त्या जागी कापताही येत नसे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, संवाद चालू असता बाहेर गाडीची शिटी झाली तर ती शिटी त्या दृश्याला कायमची चिकटे. आवाज पुसून चित्र ठेवणे शक्य नव्हते. सगळा प्रसंग पुन्हा घ्यायचा, आणि आयात केलेली फिल्म वाया गेली म्हणून समजायचे.

तेव्हाच्या हिंदी स्टुडिओंची बांधणी ध्वनीच्या दृष्टीने कशी होती, हे डेमिंग यांनी अमेरिकेत परतल्यावर लिहिलेल्या लेखावरून कळते. तकलादू खांबांवर काचेचे किंवा कापडाचे छप्पर, एवढाच मंच असे. सूर्यप्रकाश आत यावा हा त्यामागचा हेतू. मूकपटाच्या काळात प्रकाश हाच राजा होता, आणि जी रचना प्रकाशाला मोकळी वाट देते ती बहुधा ध्वनीलाही देते. हॉलिवूडने बोलपटासाठी जाड भिंतींचे बंदिस्त मंच बांधले होते आणि घरघरणारा कॅमेरा काचेच्या खोलीत कोंडला होता. इंपीरियलला यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते.

त्यात रेल्वेची भर. बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या या मार्गावर १९२८ पासून बोरिवलीपर्यंत विजेच्या उपनगरी गाड्या धावू लागल्या होत्या. वाफेच्या इंजिनाचा भपकारा कमी झाला, तरी पोलादी चाके, रूळ आणि त्यांच्या सांध्यांवरील दणके कायम होते.

इराणी यांनी काढलेला मार्ग सरळ होता. बंदिस्त मंच बांधणे शक्य नाही, रूळ हलवणे शक्य नाही. मग गाड्या ज्या वेळी धावत नाहीत त्याच वेळी काम करायचे. शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली गाडी सुटेपर्यंत, म्हणजे सुमारे रात्री एक ते चार, एवढाच काळ ध्वनिमुद्रणाचा ठरला. तीन तासांच्या या अवधीत नट, वादक, दिवेवाले, कॅमेरामन आदी इराणी आणि ध्वनिमुद्रणाची सारी मांडणी तयार असावी लागे. चित्रीकरण बंद जागेत आणि कृत्रिम प्रकाशात झाले. काही महिने ही रात्रपाळी चालली.

आतल्या आवाजाचाही बंदोबस्त करावा लागला. मायक्रोफोन नटाच्या डोक्यावर धरून फिरवण्याची दांडी तेव्हा इंपीरियलमध्ये नव्हती. मायक्रोफोन झाडाच्या कुंड्या, पडदे, सामानसुमान यांत कॅमेऱ्याला दिसणार नाही असा दडवला जाई, आणि नटाने आपले वाक्य त्याच्या आसपासच म्हणायचे असे. पार्श्वगायन नव्हते. नट स्वतः गात, व साथीदार चौकटीबाहेर लपून वाजवीत. फकिराच्या भूमिकेतील वजीर महंमद खान यांचे गाणे, भारतीय चित्रपटातील पहिले गीत, याच पद्धतीने तबला आणि पेटीच्या साथीवर मुद्रित झाले. चित्रपटात एकूण सात गाणी होती.

कंपनरोधनाचे तत्त्व

इराणी यांना घड्याळाचा आश्रय का घ्यावा लागला, गोधड्या आणि जाड पडदे लावून भागले का नसते, हे समजण्यासाठी ध्वनी भिंतीपलीकडे कसा जातो ते पाहिले पाहिजे. त्याच्या वाटा दोन. एक हवेतून : आवाज हवेला हलवतो, हवा भिंतीला, भिंत पलीकडच्या हवेला. दुसरी थेट घन पदार्थातून : चाक रुळाला हादरवते, रूळ जमिनीला, जमीन इमारतीच्या पायाला, आणि पाया मंचाच्या फरशीला. दुसरी वाट अधिक चिवट असते, कारण तिच्यावर पडदा टाकायला जागाच नसते.

जाड कापड उंच स्वर शोषून घेते. खर्जाचे तसे नाही. सेकंदाला पन्नास कंपने असलेल्या ध्वनीची हवेतील लहर सुमारे सात मीटर लांब असते आणि वीस कंपनांची सुमारे सतरा मीटर. एवढ्या लांब लहरीपुढे चार बोटे जाडीची गोधडी असून नसल्यासारखी. गाडीच्या घरघरीतील मोठा भाग याच खर्जाचा असतो. तो अडवायचा तर भिंत फार जड हवी. भिंतीचे वजन दुप्पट केले तर ढोबळ मानाने सहा डेसिबलचा फायदा होतो. जमिनीतून येणारा हादरा तोडायचा तर मंचच पायापासून सुटा केला पाहिजे. पुढील काळातील ध्वनिमुद्रणगृहे याच तत्त्वावर बांधली गेली. बाहेरच्या खोलीत आतली खोली, आणि आतल्या खोलीची जमीन रबराच्या ठोकळ्यांवर किंवा स्प्रिंगांवर तरंगती ठेवलेली.

हे तत्त्व आपल्याकडील साध्या वापरातही आहे. डग्ग्याखाली कापडाची चुंबळ ठेवतात ती केवळ तो कलंडू नये म्हणून नाही. भांडे थेट फरशीवर ठेवले तर त्याचे कंपन फरशीत उतरते आणि नाद बदलतो. मऊ चुंबळीमुळे भांडे मोकळे राहते.

आजच्या घरगुती चित्रपटगृहात इराणी यांचा प्रश्न उलटा होऊन येतो. तेथे बाहेरचा हादरा आत येऊ द्यायचा नव्हता, येथे खर्जाच्या ध्वनिक्षेपकाचा, म्हणजे सबवूफरचा, हादरा खोलीबाहेर जाऊ द्यायचा नसतो. त्यासाठी पेटीखाली रबर, फोम किंवा स्प्रिंग लावलेली बैठक देतात. अशी बैठक बाजारातून घेताना किंवा घरी बनवताना मऊपणा हाताने दाबून ठरवण्याची चूक सर्रास होते. खरी कसोटी वेगळी आहे. पेटी ठेवल्यावर आधार किती दबतो, यावर त्या जोडीची स्वाभाविक कंपनसंख्या ठरते. एक मिलिमीटर दबल्यास ती सेकंदाला सुमारे सोळा, चार मिलिमीटर दबल्यास सुमारे आठ आणि पंचवीस मिलिमीटर दबल्यास सुमारे तीन येते. स्प्रिंगला हा हिशेब बराचसा तंतोतंत लागू पडतो. रबर आणि फोम कंपनाच्या वेळी अधिक ताठ वागतात, म्हणून त्यांची प्रत्यक्ष कंपनसंख्या यापेक्षा वर जाते. या संख्येच्या साधारण एक पूर्णांक चार दशांश पटीवरील कंपनेच अडवली जातात. त्याखालची जशीच्या तशी पुढे जातात, आणि स्वाभाविक कंपनसंख्येच्या आसपासची तर वाढून जातात.

म्हणजे वीस कंपनांपर्यंत उतरणाऱ्या सबवूफरखाली जेमतेम एक मिलिमीटर दबणारे पातळ रबर घातले, तर सर्वांत खालचा खर्ज अडण्याऐवजी उलट वाढेल. चार मिलिमीटर दबणारा आधार घेतल्यास त्याच वीस कंपनांचा जमिनीत उतरणारा जोर सुमारे एकपंचमांशावर येतो. चाळीस किलोच्या पेटीला चार पाय असतील तर प्रत्येक पायावर दहा किलो भार येईल हे धरून आधार निवडावा लागतो. तीस किलोसाठी केलेला पाय दहा किलोखाली दबतच नाही, आणि चार किलोसाठी केलेला पूर्ण बसून जातो. दोन्हींचा परिणाम एकच, पेटी जणू थेट फरशीवर. पेटी हलकी असल्यास बैठकीवर शहाबादी फरशीचा तुकडा टाकून वजन वाढवणे हा स्वस्त आणि शास्त्रशुद्ध उपाय आहे. अणकुचीदार धातूचे पाय मात्र पेटीला जमिनीशी अधिक घट्ट जोडतात. कंपन तोडण्यासाठी त्यांचा उपयोग नाही.

तरीही बैठकीने थांबते ती फक्त दुसरी वाट. हवेतून भिंतींना बसणारा धक्का तसाच राहतो. लाकडी तक्तपोशीच्या वरच्या मजल्यावर बैठकीचा फरक स्पष्ट जाणवतो. जाड काँक्रीटच्या तळमजल्यावर तो फारसा जाणवणार नाही. शेजाऱ्यांच्या दृष्टीने इराणी यांचा उपाय, म्हणजे वेळ सांभाळणे, अजूनही सर्वांत खात्रीचा आहे. फक्त त्यांची रात्री एक ते चार ही वेळ येथे नेमकी वर्ज्य.

'आलम आरा'चे प्रदर्शन

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' मुंबईत मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. चित्रगृह स्वतःच्याच भागीदारीतले असल्याने प्रदर्शनाची तारीख गाठणे इराणी यांना सोपे गेले. मादन कंपनीचा बंगाली 'जमाई षष्ठी' त्यानंतर महिन्याभरात आला. मॅजेस्टिकबाहेर लोटलेल्या गर्दीची आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेल्याची हकीकत त्या काळच्या आठवणींत वारंवार येते. गर्दी आवरण्यास पोलिसांना बोलवावे लागले होते.

ध्वनीची गुणवत्ता आजच्या मानाने कशी होती याचा अंदाजच बांधावा लागतो. एका मायक्रोफोनवर, एका पट्टीवर, तीन तासांच्या उसन्या शांततेत केलेले ते काम होते. रंगभूमीची भाषा आणि गाणे पडद्यावर ऐकू आले, एवढ्याने प्रेक्षक तृप्त झाले. सात गाण्यांनी मात्र एक कायमची प्रथा पाडली. हिंदी बोलपट आणि गाणे यांची जी गाठ त्या वेळी बसली ती अद्याप सुटलेली नाही.

नंतरचे बोलपट

'आलम आरा'नंतर त्याच वर्षी इंपीरियलने एच. एम. रेड्डी दिग्दर्शित 'कालिदास' काढला. त्यात तमिळ आणि तेलुगू संवाद होते. तो पहिला तमिळ बोलपट गणला जातो. फेब्रुवारी १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला व मराठी बोलपट सुरू झाला. त्याचे ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले यांनी सांभाळले. दामले आणि इराणी या दोघांनाही कोणी पदवी दिली नव्हती. यंत्र उघडून, जोडून, बिघडवून आणि दुरुस्त करूनच ते शिकले.

अब्दुलहुसेन सेपंता या इराणी लेखक-नटाच्या सहकार्याने इराणी यांनी १९३३ मध्ये 'दुख्तर-ए-लोर' मुंबईतच चित्रित केला. इराणच्या पार्श्वभूमीवरील पहिला फारसी बोलपट ग्रँट रोडजवळ तयार व्हावा, ही चित्रपट-इतिहासातील मौजेची घटना आहे. तेहरानमध्ये तो विलक्षण यशस्वी झाला. पूर्वजांच्या भाषेत चित्र काढण्यामागे इराणी यांची काही भावना असणारच. त्याबरोबर एक नवी बाजारपेठही त्यांनी हेरली होती. त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढणे कठीण आहे.

'किसान कन्या' (१९३७) हा सिनेकलर पद्धतीचा रंगीत चित्रपट मोती गिडवानी यांनी दिग्दर्शित केला. कथा-संवादांत सआदत हसन मंटो यांचा सहभाग होता. व्ही. शांताराम यांच्या 'सैरंध्री'च्या (१९३३) रंगांची प्रक्रिया जर्मनीत झाली होती, 'किसान कन्या'ची हिंदुस्थानातच झाली. तो पडद्यावर मात्र 'आलम आरा'प्रमाणे गाजला नाही. रंगीत चित्रांचा खर्च त्या वेळच्या बाजाराला पेलणारा नव्हता, आणि आवाजाची जशी प्रेक्षकांना ओढ लागली तशी रंगाची लागली नव्हती.

चिमणलाल देसाई आणि अंबालाल पटेल यांच्याबरोबर सागर मूव्हीटोन ही कंपनी उभी करण्यातही इराणी यांचा वाटा होता. मेहबूब खान यांच्या दिग्दर्शनाला तेथेच आरंभ झाला.

मराठवाड्यात बोलपट

हदगाव, नांदेड, लातूर हा सारा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील खेड्यापाड्यांना बोलपटाची पहिली ओळख पक्क्या चित्रगृहात झाली नाही. ती यात्रा-जत्रांतील तंबूत झाली. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या फडांशेजारी उभे राहणारे चित्रपटांचे तंबू अनेक पिढ्यांनी पाहिले आहेत. युसुफअली ज्या तंबूंतून वर आले, त्याच जातीचे हे तंबू. कापडी भिंतीला आवाजाची ये-जा सारखीच. आतला संवाद बाहेरच्या फुकट्या श्रोत्यांना ऐकू येई आणि बाहेरचा ढोल आतल्यांना. अशा ठिकाणी ध्वनिक्षेपक मोठा लावणे एवढाच उपाय उरे. बोलपटाचा मोठा प्रेक्षकवर्ग याच गोंगाटात घडला, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात फारशी नोंदली जात नाही.

अखेरचा काळ

इंपीरियल फिल्म कंपनी १९३८ मध्ये बंद पडली. इराणी यांनी त्यानंतरही तुरळक निर्मिती केली. 'पुजारी' (१९४५) हा त्यांचा शेवटचा चित्रपट मानला जातो. त्यांच्या नावावरील चित्रपटांची संख्या दीडशेच्या वर सांगितली जाते. युद्धकाळात काळा पैसा आणि स्वतंत्र निर्मात्यांची पद्धत आली, पगारी नटांचे स्टुडिओ मोडत गेले. जुन्या वळणाच्या इराणी यांनी त्या व्यवहारात शिरण्यापेक्षा बाजूला होणे पसंत केले. १४ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. योगायोगाने मास्टर विठ्ठल यांच्याही निधनाचे वर्ष १९६९ हेच आहे.

'आलम आरा'ची प्रत

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याचा ध्वनिपटही नाही. काही छायाचित्रे, जाहिराती आणि पुस्तिका एवढेच मागे राहिले आहे. पुण्यातील २००३ च्या आगीत शेवटची प्रत जळाली, असे अनेक ठिकाणी छापले गेले आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या उभारणीत प्रमुख वाटा असलेले पी. के. नायर यांनी हे स्पष्टपणे नाकारले होते. संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली आणि हा चित्रपट त्याच्या संग्रहात कधी आलाच नव्हता, असे त्यांचे सांगणे होते. नायर यांनी वृद्ध इराणी यांची मुंबईत भेटही घेतली होती. काही रिळे घरात असावीत असे तेव्हा त्यांना कळले, परंतु ती मिळाली नाहीत. त्या काळच्या फिल्मच्या लेपात चांदी असे, आणि जुनी रिळे धुऊन ती काढून विकण्याची रीत धंद्यात सर्रास होती. 'आलम आरा'ची उरलेली रिळेही त्याच वाटेने गेल्याचे इराणी यांच्या कुटुंबीयांकडून आपल्याला समजले, असे नायर यांनी पुढे नमूद केले.